एक किलोवॉट-तासाची पेटी: वादळात, उन्हाळ्यात आणि एरवी किती कामाची?

पोर्टेबल पॉवर स्टेशन म्हणजे इन्व्हर्टर आणि सॉकेट असलेली बॅटरीची पेटी. तिच्यावर छापलेला आकडा असतो १०२४ वॉट-तास. सॉकेटमधून प्रत्यक्ष पदरात पडतात ८५० ते ९००, तेही लोड मध्यम असेल तर. अगदी लहान लोडवर हाच आकडा अडीचशेपर्यंत घसरतो. पोर्टेबल पॉवर स्टेशन घ्यावं की नाही याचं निम्मं उत्तर या तफावतीत आहे, आणि जाहिरातीत नेमकी तीच नसते.

हे परीक्षण कुठल्या एका कंपनीचं नाही, एका वर्गाचं आहे: लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी सेलवर चालणारी, साधारण एक किलोवॉट-तासाची, हाताने उचलता येणारी पेटी. इकोफ्लो डेल्टा २ (१०२४ वॉट-तास), अँकर सोलिक्स सी१००० (१०५६), जॅकरी एक्स्प्लोरर १००० व्ही२ (१०७०) आणि ब्लूएटी एसी१८० (११५२) ही या वर्गातली ठळक नावं. वजन ११ ते १६ किलो, इन्व्हर्टर १५०० ते १८०० वॉटचा. आत काय आहे हे समजायला १०२४ चं उदाहरण सोपं: ३.२ व्होल्टचे, २० अँपिअर-तासाचे १६ सेल एकापुढे एक जोडले की ५१.२ व्होल्ट होतात, आणि ५१.२ गुणिले २० म्हणजे १०२४. बाकी सगळं, म्हणजे बीएमएस (सेलवर लक्ष ठेवणारं सर्किट), इन्व्हर्टर (बॅटरीच्या डीसीचा एसी करणारा भाग), चार्जर, सोलरचा एमपीपीटी (पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा भाग) आणि पंखे, या सोळा सेलभोवती बसवलेलं असतं.

अपेक्षा जमिनीवर आणणारा एक हिशेब आधी करू. जगाची वार्षिक वीजनिर्मिती ३०,००० टेरावॉट-तासांच्या आसपास आहे आणि लोकसंख्या ८ अब्ज. कारखाने, रेल्वे, डेटा सेंटर सगळं धरून दर माणशी दिवसाला सुमारे १० किलोवॉट-तास येतात. म्हणजे ही अख्खी पेटी सरासरी माणसाच्या जेमतेम दोन तासांच्या विजेइतकी. ‘संपूर्ण घरासाठी बॅकअप’ असं या वर्गातल्या पेटीवर लिहिलेलं दिसलं तर तो विक्रेता आकडेमोड करत नाही, किंवा तुम्ही करणार नाही अशी त्याची खात्री आहे.

आता मुख्य दोषाकडे. एसी सॉकेटचं बटण दाबलं की इन्व्हर्टर जागा होतो आणि काहीही लावलेलं नसलं तरी १० ते २० वॉट खात राहतो. पंधरा धरू. वाय-फाय राउटर ५ वॉटचा. तो एसी सॉकेटला लावला तर पेटीतून २० वॉट जातात आणि साधारण ५१ तासांत ती रिकामी होते. या काळात राउटरला मिळाले २५५ वॉट-तास. उरलेले तीन चतुर्थांश उष्णता होऊन गेले. तोच राउटर १२ व्होल्टच्या डीसी पोर्टवरून योग्य पिनची केबल लावून चालवला, तर डीसी कन्व्हर्टरचे दोन-अडीच वॉट धरूनही एकूण खप साडेसात वॉटच्या आत राहतो आणि पेटी साडेपाच दिवस टिकते. म्हणून पेटीबरोबर आधी काय घ्यायचं असेल तर ५.५ बाय २.१ मिलिमीटरची डीसी केबल, यूएसबी-सी वरून लॅपटॉप चार्ज होईल अशी १०० वॉटची केबल आणि १२ व्होल्टचे एलईडी दिवे. राउटरच्या ॲडॉप्टरवर ९ किंवा ५ व्होल्ट लिहिलं असेल तर थेट १२ व्होल्ट देऊ नका, राउटर जळेल. मधे व्होल्टेज कमी करणारा बक कन्व्हर्टर लागतो. पिनचं ध्रुवत्व, म्हणजे आत प्लस की बाहेर प्लस, तेही ॲडॉप्टरवरच्या चिन्हावरून ताडून पाहा.

पंख्याचंही तसंच. ७५ वॉटचा साधा पंखा इन्व्हर्टरवरून दहा तास चालतो, ३० वॉटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटारीचा) पंखा एकवीस तास, आणि १५ वॉटचा १२ व्होल्टचा टेबल फॅन डीसी पोर्टवरून दोन दिवसांहून जास्त. पेटी तीच, उपकरण बदललं. मोठी पेटी घेण्याआधी लोड लहान करा हा सल्ला कंटाळवाणा आहे, पण त्याला तोड नाही. (पंख्याबद्दल जाता जाता: खोलीचं तापमान ४० अंशांच्या वर गेलं की पंखा शरीराला थंड करण्याऐवजी तापवतो, असं जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शन सांगतं. अशा वेळी ओला कपडा आणि पाणी यांचा उपयोग जास्त.)

फ्रिज हा बहुतेकांचा खरा प्रश्न. दिवसाला १ किलोवॉट-तास खाणारा फ्रिज सलग जोडून ठेवला तर इन्व्हर्टरची घट आणि चोवीस तासांचा रिकामा खप (३६० वॉट-तास) मिळून गरज जवळपास दीड किलोवॉट-तासावर जाते, आणि पेटी १७ तासांत संपते. दोन तास चालू, तीन तास बंद असं वेळापत्रक ठेवलं तर फ्रिजची स्वतःची भूक फारशी कमी होत नाही, कारण चालू झाल्यावर कॉम्प्रेसर सलग धावतो. पण इन्व्हर्टर दिवसाचे चौदा तास झोपतो आणि एकूण २० तास मिळतात. दार न उघडता बंद फ्रिज सुमारे चार तास थंडावा धरतो आणि गच्च भरलेला डीप फ्रीझर सुमारे ४८ तास. म्हणजे डीप फ्रीझरसाठी पहिल्या दिवशी पेटी वापरायचीच नाही. मोकळ्या जागेत पाण्याच्या बाटल्या आधीच गोठवून ठेवल्या तर तीही एक बॅटरीच, आणि तिला इन्व्हर्टर लागत नाही. इन्सुलिनसारखं औषध असेल तर ते २ ते ८ अंशांत राहायला हवं. गोठलं तरी वाया जातं, त्यामुळे बर्फाला चिकटवून ठेवू नका.

फ्रिजच्या बाबतीत एक सेटिंग हमखास दगा देते. बहुतेक पेट्यांमध्ये ‘इको मोड’ किंवा ‘ऑटो ऑफ’ असतं: ठरावीक वेळ लोड अगदी कमी राहिला की एसी आउटपुट आपोआप बंद. कॉम्प्रेसर थांबतो, लोड दोन-चार वॉटवर येतो, पेटीला वाटतं काम संपलं. सकाळी बॅटरी भरलेली आणि फ्रिज कोमट. फ्रिज जोडताना हे सेटिंग बंद करायचं, आणि राउटरसाठी डीसी पोर्टचं वेगळं ऑटो ऑफ असेल तर तेही. ही सेटिंग पेटीच्या बटणांवरून किंवा ब्लूटूथवरून बदलता येते का हे घेण्यापूर्वीच पाहा. काही ॲप आधी लॉगिन मागतात, आणि आपत्तीत इंटरनेट सगळ्यांत आधी जातं.

मोटारीच्या उपकरणांना सुरू होताना नेहमीच्या तीन ते सात पट करंट लागतो. अर्ध्या अश्वशक्तीचा पाण्याचा पंप चालू असताना पाच-सहाशे वॉट घेतो, पण पहिल्या क्षणी दोन-तीन हजारांवर उडी मारतो आणि १८०० वॉटचा इन्व्हर्टरही ‘ओव्हरलोड’ म्हणून मान टाकू शकतो. कधी सुरू होईल, कधी नाही. अशा वेळी ‘बूस्ट’ नावाची सोय चालू करण्याचा मोह होतो. ती सोय प्रत्यक्षात काय करते? व्होल्टेज खाली आणते. निव्वळ तापणाऱ्या कॉइलची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे २३० चे १६० व्होल्ट केले की हीटरची शक्ती निम्म्यावर येते आणि तो चालतो. मोटारीला मात्र कमी व्होल्टेज म्हणजे जास्त करंट, जास्त उष्णता आणि शेवटी जळलेलं वाइंडिंग. बूस्ट फक्त कॉइलसाठी.

कॉइलची उपकरणं चालतात म्हणून चालवावीत असंही नाही. एक लिटर पाणी २० अंशांवरून उकळायला आणायला ९३ वॉट-तास लागतात; केटलची आणि इन्व्हर्टरची घट धरून १२५. म्हणजे पूर्ण पेटीत आठ लिटर. १२०० वॉट खेचणारा एअर कंडिशनर पाऊण तास. खोली गरम किंवा थंड करणं हे या वर्गाचं कामच नाही.

उलट ज्या कामांसाठी पेटी उत्तम आहे ती सगळी हलकी आहेत. फोन: एका चार्जला सुमारे २० वॉट-तास, म्हणजे चाळीसहून अधिक चार्ज. ७ वॉटचे दिवे. रेडिओ. झोपेत श्वासासाठी लागणारं सीपॅप यंत्र: ह्युमिडिफायर आणि तापणारी नळी बंद ठेवून, डीसी केबलवर, ३० ते ६० वॉट, दोन-तीन रात्री सहज. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर मात्र ३०० वॉटच्या आसपास खातो आणि अडीच-तीन तासांत पेटी संपवतो. त्यासाठी सिलिंडरची सोय हवीच.

यूपीएस म्हणून वापर? पेटीचा बदलाचा वेळ बहुधा २० ते ३० मिलिसेकंद असतो. डेस्कटॉप संगणकाचा चांगला पॉवर सप्लाय पूर्ण लोडवर सुमारे १६ मिलिसेकंद तग धरतो. कमी लोडवर निभावतं, जास्त लोडवर संगणक रीस्टार्ट होतो. राउटर, लॅपटॉप, फ्रिज यांना काहीच फरक पडत नाही.

टक्क्यांच्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. एलएफपी सेलचा व्होल्टेज २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान जवळपास सपाट असतो, ३.२ ते ३.३ व्होल्ट. त्यामुळे बीएमएसला व्होल्टेज पाहून चार्ज ओळखता येत नाही. आत-बाहेर गेलेला करंट मोजून तो अंदाज बांधतो आणि चूक साचत जाते. नेहमी ३० ते ७० टक्क्यांत फिरवलेली पेटी एके दिवशी २० टक्के दाखवत असतानाच बंद पडते. उपाय सोपा आहे: तीन महिन्यांतून एकदा १०० टक्के भरायची आणि भरल्यावर तासभर प्लगला तशीच ठेवायची, म्हणजे सेल समतोलात येतात आणि मोजणी पुन्हा ताळ्यावर येते.

सोलर पॅनलबद्दल विक्रेत्यांचं गणित नेहमी निरभ्र दुपारचं असतं. २०० वॉट हा आकडा चौरस मीटरला १००० वॉट प्रकाश आणि सेलचं तापमान २५ अंश या प्रयोगशाळेतल्या अटींवरचा. कडक उन्हात सेल ६० अंशांपर्यंत तापतो. दर अंशाला सुमारे ०.३५ टक्के घट म्हणजे १२ टक्के तिथेच गेले. धूळ, कोन, केबल धरून दुपारी १४० ते १६० वॉट मिळाले तर पॅनल चांगलं. चांगल्या दिवसाला ७०० वॉट-तास. ढगाळ दिवशी १०० ते १५०. चक्रीवादळ येऊन गेल्यावर आकाश लगेच उघडेल याची खात्री नाही, आणि वणव्याच्या धुरातही हाच अनुभव. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. म्हणून दोन दिवस शून्य सूर्य धरून वापर आखावा.

जोडणीत दोन गोष्टी बिघडतात. पहिली, व्होल्टेज. या वर्गात सोलर इनपुटची कमाल मर्यादा बहुधा ६० व्होल्ट असते. ओपन सर्किट, म्हणजे लोड नसताना, २४ व्होल्टची दोन पॅनल सिरीजमध्ये जोडली की ४८. थंडीत सिलिकॉनचा व्होल्टेज दर अंशाला सुमारे ०.३ टक्के वाढतो, म्हणून उणे १० अंशांच्या सकाळी तेच ५३ होतात. चालेल. तिसरं पॅनल जोडलं की ७२, आणि एमपीपीटी कायमचा गेला. वॉरंटीत हे बसत नाही. दुसरी गोष्ट केबल. पेटी सावलीत आणि पॅनल उन्हात हवं, म्हणजे लांब केबल आलीच. ४ चौरस मिलिमीटरच्या दहा मीटर केबलीत जाऊन-येऊन १० अँपिअरला सुमारे ०.८६ व्होल्ट पडतात: २० व्होल्टच्या एका पॅनलवर ४.३ टक्के, सिरीजमधल्या दोनांवर निम्मे. पातळ एक्स्टेंशन वायर वापरली तर हा तोटा दुप्पट-तिप्पट होतो. पॅनलच्या कोपऱ्यावर पडलेली खांबाची सावलीही क्षुल्लक नाही. बायपास डायोडमुळे एका सेलच्या सावलीत पॅनलचा एक तृतीयांश भाग बाद होऊ शकतो. घडीची कापडी पॅनल वाऱ्यात पतंगासारखी उडतात. गच्चीवर कायम ठेवायची असतील तर काचेची, ॲल्युमिनियम चौकटीची पॅनल घ्या. जड असतात, पण वर्षानुवर्षं टिकतात.

कुठली आपत्ती, यावर पेटीची परीक्षा बदलते. चक्रीवादळाची सूचना काही दिवस आधी मिळते, त्यामुळे भरून ठेवायला वेळ असतो. पण वीज परत यायला लागणारा काळ कल्पनेपलीकडचा असू शकतो. सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया वादळाने प्युर्टो रिकोची वीज गेली, ती सगळीकडे परत यायला वर्षभराच्या जवळपास काळ लागला. तिथे पॅनलशिवायची पेटी म्हणजे पहिल्याच दिवसाचा दिलासा. भूकंप आणि २८ एप्रिल २०२५ ला स्पेन-पोर्तुगालमध्ये झाला तसा ग्रिडचा अचानक बिघाड काहीच सूचना देत नाहीत. त्यासाठी पेटी कायम ८० टक्क्यांवर हवी. दीर्घ साठवणीला ५० ते ६० टक्के चांगले हे खरं, पण एलएफपीला ८० वर ठेवल्याने होणारी झीज संकटात रिकामी पेटी सापडण्यापेक्षा परवडते. आणि शून्यावर संपलेली पेटी महिनोन्‌महिने तशीच ठेवू नका. बीएमएस थेंब थेंब वीज खात राहतो आणि सेल इतके खाली जातात की चार्जर त्यांना ओळखेनासा होतो.

थंडीची लाट एलएफपीचा दुबळा कोपरा दाखवते. शून्य अंशाखाली चार्ज केलं तर लिथियम ॲनोडच्या, म्हणजे सेलच्या ऋण टोकाच्या, आत शिरण्याऐवजी त्यावर धातू होऊन बसतं आणि सेल कायमचा खराब होतो, म्हणून चांगला बीएमएस चार्जिंगच अडवतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासात गोठवणाऱ्या थंडीत लाखो घरांची वीज गेली. तशा वेळी गॅरेजात ठेवलेली पेटी सूर्य असूनही भरत नाही. माणसं ज्या खोलीत आहेत त्या खोलीत ठेवा. उष्णतेच्या लाटेत उलट: ४५ अंशांच्या वर चार्जिंग थांबतं, आणि पॅनलशेजारी उन्हात ठेवलेली काळी पेटी ते तापमान दुपारपूर्वीच गाठते.

जनरेटरशी तुलना होणारच. पेट्रोल मिळत राहिलं तर जनरेटर कितीतरी पट वीज देतो, यात वाद नाही. पण २०२० च्या लॉरा वादळानंतर लुईझियानात अनेक मृत्यू घराजवळ किंवा गॅरेजात चालवलेल्या जनरेटरच्या कार्बन मोनॉक्साइडने झाले. पेटी उशाशी ठेवता येते, हा तिचा सगळ्यांत मोठा गुण. दोन्ही असतील तर जनरेटर बाहेर दोन तास चालवून पेटी भरायची आणि रात्री तो बंद. पेटीचा चार्जिंग वेग मात्र आधी कमी करा. १२०० वॉट खेचणारी पेटी लहान जनरेटरला बंद पाडते, ४०० वर ठेवली की सुरळीत चालतं.

पेटीचा प्लग घराच्या सॉकेटला उलटा जोडून घर ‘चालू’ करण्याचे व्हिडिओ फिरतात. वीज उलटी बाहेरच्या लाइनमध्ये जाते आणि लाइनवर काम करणाऱ्या माणसाचा जीव त्याने जाऊ शकतो. घराला जोडायचंच असेल तर चेंजओव्हर स्विच (एका वेळी ग्रिड किंवा पेटी, एकच जोडणारा) आणि इलेक्ट्रिशियन. पुराचं, विशेषतः खाऱ्या पाण्याचं, पाणी पेटीत गेलं तर सुकवून चालू करून पाहू नका. २०२२ च्या इयान वादळानंतर फ्लोरिडात खाऱ्या पाण्यात बुडालेल्या विद्युत वाहनांनी नंतर पेट घेतला होता. एलएफपी इतर लिथियम सेलपेक्षा शांत असला तरी आत मीठ साचलं की शॉर्ट सर्किट रसायन विचारत नाही. अशी पेटी उघड्यावर, घरापासून लांब.

आता ‘हरित’ या शब्दाचं. एलएफपीत कोबाल्ट आणि निकेल नाही, ही खरंच जमेची बाजू. एक किलोवॉट-तासाला लिथियम लागतं सुमारे १०० ग्रॅम. पण सेल बनवताना प्रति किलोवॉट-तास साधारण ६० ते १०० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत गेलेला असतो. कारखाना कुठल्या विजेवर चालतो यावर आकडा खाली-वर होतो. रोज सोलरवर भरून अर्धा किलोवॉट-तास वापरला आणि तुमची ग्रिडची वीज कोळशाची, म्हणजे युनिटला किलोभर कार्बन डायऑक्साइडची असेल, तर सेलचं हे कर्ज चार ते सात महिन्यांत फिटतं. ग्रिडवर भरून कपाटात ठेवली तर कधीच फिटत नाही. भरताना आणि काढताना मिळून पाचेक भागांतला एक भाग वाया जातो, म्हणजे उलट भर पडते. शिवाय महाग धातू नसल्यामुळे एलएफपीचं पुनर्चक्रण करणाऱ्यांना त्यातून फारसं काही मिळत नाही, आणि जुनी पेटी घ्यायला कुणी उत्सुक नसतं. विक्रेता ती परत घेतो का, हे बिलावर लिहून घ्या.

त्यामुळे आमचं मत: वर्षातून चार वेळा तासाभरासाठी वीज जात असेल तर ही पेटी घेऊ नका, फोन-लॅपटॉपची पॉवर बँक आणि राउटरचा छोटा डीसी यूपीएस पुरतो. औषधं, सीपॅप किंवा घरून काम यांपैकी काही असेल आणि वीज आठ-दहा तास जात असेल, तर २०० वॉटच्या पॅनलसह घ्या आणि रोज वापरा. ३००० आवर्तनांनंतर (एक आवर्तन म्हणजे एकदा पूर्ण भरून रिकामी करणं) ८० टक्के क्षमता राहते असं कंपन्या सांगतात. रोज एक धरलं तरी आठ वर्षं. न वापरता जपून ठेवलेले सेलही वयाने म्हातारे होतातच.

घरी आल्यावर लगेच एक चाचणी करा. पेटी १०० टक्के भरा, तासभर प्लगला ठेवा. एसी सॉकेटला प्लगचं वॉट-मीटर लावा आणि त्यावर सुमारे २०० वॉटचा स्थिर लोड द्या. जुने फिलामेंटचे दिवे यासाठी सर्वांत सोयीचे. पेटी स्वतःहून बंद होईपर्यंत चालू द्या. १०२४ च्या पेटीने सव्वाचार तासांच्या आसपास चालून मीटरवर ८५० च्या पुढे आकडा दाखवायला हवा. बंद होण्याच्या क्षणी पडद्यावर किती टक्के होते तेही लिहून ठेवा. पाचाहून जास्त असतील तर वर सांगितलेलं पूर्ण चार्जिंग करून चाचणी पुन्हा घ्या. दुसऱ्यांदाही मीटर ८०० च्या खाली थांबला, तर परतीची मुदत संपायच्या आत पेटी परत करा.